संगणकाला वाचून शिकवताना: इंटरनेटवरच्या मजकुरातून तथ्यं गोळा करण्याची पद्धत, सुरुवातीपासून

"सिडनी ही ऑस्ट्रेलियाची राजधानी आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो."

माझ्या पहिल्या प्रोग्रॅमनं हे वाक्य 'राजधानी' या शब्दापर्यंत वाचलं, सिडनी आणि ऑस्ट्रेलिया ही जोडी उचलली आणि तक्त्यात नोंदवून टाकली. सगळी गोम पुढच्या सहा शब्दांत होती, ते त्यानं पाहिलेच नाहीत. पुढच्या फेरीत याच जोडीच्या आधारानं त्यानं आणखी वाक्यं शोधली, त्यांतून वाक्यरचनेचे नवे साचे बनवले, त्या साच्यांनी नव्या जोड्या आणल्या. दोन दिवसांनी तक्ता उघडला तर इस्तंबूल, मेलबर्न, रिओ सगळ्या राजधान्या होऊन बसल्या होत्या. एका अर्धवट वाचलेल्या वाक्यावर पुढचा डोलारा उभा होता.

वाचून शिकणारा प्रोग्रॅम बनवायचा असेल तर तथ्यं वेचण्याचा भाग दोन-तीन दिवसांत जमतो. वेचलेल्यातलं काय मानायचं, किती मानायचं आणि चूक कळल्यावर ती कशी उपटायची, याला मात्र महिने जातात. म्हणून या लेखात वेचण्याबद्दल लागेल तेवढंच आहे आणि तपासण्याबद्दल बरंच. प्रोग्रॅमिंगची तोंडओळख असली की पुरे, आणि साधा लॅपटॉपही चालेल.

आधी थोडा मागोवा

संगणकाला जगाची माहिती द्यायचा एक मार्ग म्हणजे माणसांनी एकेक तथ्य हातानं भरणं. डग्लस लेनाट यांनी १९८४ साली सुरू केलेला 'साइक' प्रकल्प या मार्गानं गेला. दुसरा मार्ग वाचनाचा. १९९२ साली मार्टी हर्स्ट यांनी दाखवून दिलं की "अमुक, तमुक यांसारखे पक्षी" अशा ठरावीक रचना शोधल्या तरी कोण कुठल्या प्रकारात मोडतं हे मजकुरातून मिळतं. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन यांनी लेखक आणि पुस्तक अशा फक्त ५ जोड्या देऊन सुरुवात केली. प्रोग्रॅमनं त्या जोड्या पानांवर शोधल्या, आजूबाजूच्या मजकुरातून साचे काढले, साच्यांतून नव्या जोड्या काढल्या. काही फेऱ्यांनंतर यादी १५,००० पुस्तकांच्या पुढे गेली. जोडीतून साचा आणि साच्यातून जोडी, हे चक्र आजही या कामाचा कणा आहे.

हे चक्र अखंड चालू ठेवलं तर काय होतं, हे कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं. जानेवारी २०१० पासून त्यांचा 'नेल' हा प्रोग्रॅम रात्रंदिवस वाचत राहिला. पहिल्या ६७ दिवसांत त्यानं २,४२,००० हून अधिक तथ्यं जमवली आणि त्यांची अंदाजे अचूकता ७४ टक्के होती. या दोन आकड्यांतला दुसरा लक्षात ठेवा. जगातल्या उत्तम जाणकारांनी बनवलेल्या प्रोग्रॅमचंही दर चार तथ्यांतलं साधारण एक चुकत होतं.

एकच नातं निवडा आणि त्याची व्याख्या लिहून काढा

'सगळं शिकव' अशी सुरुवात करू नका. एक नातं घ्या. मी इथे 'देश आणि त्याची राजधानी' घेतो. उत्तरं पडताळायला सोपी आहेत आणि खाचखळगे भरपूर आहेत, त्यामुळे शिकायला उत्तम.

प्रोग्रॅमला हात लावण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा. डावीकडे काय येऊ शकतं? देश, खंड नाही, राज्य नाही. उजवीकडे काय? शहर. आणि एका देशाला किती राजधान्या? लगेच 'एक' लिहावंसं वाटतं. पण दक्षिण आफ्रिकेला प्रिटोरिया, केप टाउन आणि ब्लूमफाँटेन अशा तीन आहेत. बोलिव्हियाची घटनेनुसार राजधानी सुक्रे, पण सरकार चालतं ला पाझमधून. म्हणून 'सहसा एक, अपवाद शक्य' असं लिहा. हा बारकावा पुढे उपयोगी पडतो: दुसरी राजधानी सापडली तर प्रोग्रॅमनं ती फेकून द्यायची नाही, माणसासमोर ठेवायची.

मजकूर कुठून आणायचा

सुरुवात विकिपीडियाच्या संपूर्ण डेटाच्या फाइलपासून करा. ती मोफत उतरवून घेता येते आणि कुणाच्या सर्व्हरवर ताण येत नाही. ते पुरेनासं झालं की 'कॉमन क्रॉल'कडे वळा. ही संस्था वेबवरची पानं गोळा करून सर्वांसाठी खुली ठेवते, आणि त्यांच्याकडे नुसता मजकूर काढलेल्या फाइलीही मिळतात. स्वतः पानं उतरवायची वेळ आलीच तर प्रत्येक साइटची 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' फाइल आधी वाचा. १९९४ पासून चालत आलेला हा संकेत आहे. साइटच्या मालकानं 'इथे येऊ नका' म्हटलं असेल तर जायचं नाही.

पानातून मेन्यू, जाहिराती, 'हेही वाचा' असल्या पट्ट्या काढून टाका. पायथनमध्ये यासाठी 'ट्राफिलातुरा' हे साधन चांगलं आहे. प्रत्येक पानाबरोबर त्याचा पत्ता आणि तारीख साठवा. हे आता कंटाळवाणं वाटेल, पण पुढे दोन ठिकाणी सगळं यावरच अडणार आहे.

देवनागरी मजकूर धुऊन घेणं

इथे घाई केलीत तर पुढच्या चुका कुठून येतायत ते कळणारही नाही.

'ॲमस्टरडॅम' हा शब्द घ्या. पहिलं अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: 'ॲ' हे एकसंध अक्षर, किंवा 'अ'वर वेगळा चंद्र. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी शहरं वाटतात. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी पायरी, चालवलंत तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, त्यामुळे स्वतःचा नियम लिहावा लागतो.

'ऱ्य'चं तेच. कुणी खालच्या नुक्त्याचा 'ऱ' वापरतं, तर कुणी साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे शून्य रुंदीचा, न दिसणारा जोडक टाकतं. बरेच जण सफाईच्या नावाखाली असे न दिसणारे जोडक सरसकट पुसून टाकतात. तसं केलं की त्या 'र'चा रफार होतो आणि 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. डोंगरातल्या दऱ्या होत्या त्या जागी समुद्र आला. क्रम असा ठेवा: आधी 'र, हलन्त, जोडक' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' आणा, मग युनिकोडचं प्रमाणीकरण करा, आणि त्यानंतरच उरलेले न दिसणारे जोडक काढा. अंक देवनागरी असोत वा इंग्रजी, एकाच रूपात आणा.

आणखी एक सापळा. पायथनमध्ये शब्द वेगळे करायला 'आरई' हे नेहमीचं मॉड्यूल आणि त्यातली 'अक्षर' ही खूण वापरलीत तर काना, मात्रा, वेलांटी ही त्याला अक्षरं वाटतच नाहीत. 'राजधानी'चे तो 'र', 'जध' आणि 'न' असे तीन तुकडे करतो. मी यात एक अख्खा दिवस घालवला आहे. 'रेजेक्स' हे वेगळं मॉड्यूल बसवा, किंवा देवनागरीच्या अक्षरांची मर्यादा स्वतः लिहून द्या.

वाक्यं तोडताना पूर्णविरामावर आंधळा विश्वास नको. 'डॉ.', 'इ. स.', 'कि. मी.' यांची यादी करा आणि तिथे वाक्य तोडू नका.

नावं ओळखणं: प्रत्ययांचा गुंता

इंग्रजीत 'फ्रान्स' हा शब्द वाक्यात कुठेही आला तरी तसाच राहतो. मराठीत तो फ्रान्सची, फ्रान्सच्या, फ्रान्समध्ये, फ्रान्सला अशा रूपांत येतो. शेवटचा 'ची' छाटला की झालं, असं वाटतं. 'जपानची'मधून 'जपान' नीट मिळतं. पण 'भारताची'मधून 'भारता' उरतं आणि 'अमेरिकेची'मधून 'अमेरिके'. मग नियम केला की शेवटचा 'आ' काढायचा, तर 'केनियाची'मधून आलेला 'केनिया' 'केनिय' होतो. आणि 'कराची' या शहराचा 'ची' छाटला तर उरतं 'करा'.

म्हणून छाटून जे उरेल ते नाव, असं धरू नका. प्रत्येक शब्दापासून शक्य तेवढी मूळ रूपं तयार करा. 'अमेरिकेची'साठी अमेरिकेची, अमेरिके, अमेरिक, अमेरिका. मग त्यातलं कुठलं ओळखीच्या नावांच्या यादीत आहे ते पाहा. एकही नसेल तर शब्द 'अनोळखी' म्हणून बाजूला ठेवा. तोच शब्द इतर वाक्यांत कुठल्या रूपांत येतो त्यावरून मूळ रूप पुढे आपोआप उमगतं: 'अमेरिका', 'अमेरिकेत' आणि 'अमेरिकेला' तिन्ही दिसले की शंका उरत नाही.

नावांची पहिली यादी 'विकिडेटा'मधून घ्या. २०१२ साली सुरू झालेला हा खुला तथ्यसंग्रह आहे, त्यात देश आणि शहरांची मराठी नावंही मिळतात. एकाच नावाची वेगवेगळी रूपं, जसं टोकियो, टोक्यो, तोक्यो, एका क्रमांकाखाली बांधा.

देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, त्यामुळे विशेषनाम नुसतं पाहून ओळखता येत नाही. 'पेरू' देशही आहे आणि फळही. 'पेरूची राजधानी' आणि 'पेरूची साल' यांतला फरक शेजारचा शब्दच सांगतो, म्हणून नावाबरोबर त्याचे शेजारी नेहमी साठवा.

बीज-जोड्या

प्रोग्रॅमला सुरुवात करून द्यायला, ज्या जोड्यांबद्दल कसलीही शंका नाही अशा दहा-पंधरा पुरतात. मात्र त्या निवडून घ्या. जपान–टोकियो, केनिया–नैरोबी, अमेरिका–वॉशिंग्टन, पेरू–लिमा, नॉर्वे–ऑस्लो अशा, म्हणजे प्रत्यय लागल्यावर वेगवेगळी वागणारी नावं त्यात येतील. सिंगापूर किंवा लक्झेंबर्ग घेऊ नका. देश आणि शहराचं नाव एकच असलं की प्रोग्रॅम कशाकडे पाहतोय तेच कळत नाही.

त्याच बैठकीत चुकीच्या जोड्यांचीही यादी करा: ऑस्ट्रेलिया–सिडनी, तुर्कस्तान–इस्तंबूल, ब्राझील–रिओ, कॅनडा–टोरांटो. ही यादी बहुतेक जण करत नाहीत. माझ्या अनुभवात बरोबर जोड्यांइतकीच तिची किंमत आहे, कारण कुठला साचा बेभरवशाचा आहे हे तीच दाखवते.

साचे काढणं आणि त्यांना गुण देणं

बीज-जोडीतली दोन्ही नावं ज्या वाक्यांत आहेत ती सगळी वाक्यं काढा. देशाच्या जागी 'क', शहराच्या जागी 'ख' ठेवा. मधला मजकूर आणि दोन्ही बाजूंचे दोन-तीन शब्द म्हणजे साचा. साधारण असे साचे मिळतील:

कची राजधानी ख येथे
ख ही कची राजधानी
कमधील ख शहरात

आता कुठला साचा जास्त वेळा दिसला, यावर निवड करायचा मोह होतो. करू नका. "जपानमधील टोकियो शहरात" ही रचना भरपूर सापडते, पण "जपानमधील ओसाका शहरात"ही तितकीच सापडते. म्हणून प्रत्येक साचा बीज-देशांवर चालवून पाहा. त्यानं बरोबर राजधानी किती वेळा दिली आणि दुसरंच शहर किती वेळा दिलं ते मोजा. समजा पहिल्या साच्यानं ४० वेळा बरोबर आणि २ वेळा चूक दिली, तर ४२ पैकी ४०, म्हणजे ०.९५. तिसऱ्यानं ३१० वेळा बरोबर आणि ५६० वेळा चूक दिली, तर ०.३६. तिसऱ्याच्या बरोबर उत्तरांचा आकडा कितीतरी मोठा आहे, तरी तो टाकायचा.

एकदाच दिसलेला आणि एकदाच बरोबर आलेला साचा या हिशेबात पैकीच्या पैकी गुण घेऊन जातो, हे बरोबर नाही. त्यासाठी वरच्या संख्येत १ आणि खालच्या संख्येत २ मिळवून भागाकार करा. मग एकदाच दिसलेल्याला ०.६७ मिळतात, आणि ४२ पैकी ४० वाल्याला ०.९३.

वाक्य शेवटपर्यंत वाचा

मराठीसाठी ही पायरी मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, आणि लेखक विधान ठामपणे करतोय की नाकारतोय, की दुसऱ्याच्या तोंडी घालतोय, हे तिथेच ठरतं. "सिडनी ही ऑस्ट्रेलियाची राजधानी" या चार शब्दांनंतर काय काय येऊ शकतं पाहा: आहे. नाही. नव्हे. असावी. आहे असं वाटतं. आहे असा समज आहे. असती तर. आहे का?

साचा जिथे संपतो तिथपासून वाक्याच्या शेवटापर्यंतचा भाग वेगळा काढा आणि त्याला चारपैकी एक खूण लावा: ठाम, नकार, भूतकाळ, ऐकीव किंवा शंकेचं. 'नाही, नव्हे, नव्हती, नसून' नकारात. 'होती, असे, पूर्वी' भूतकाळात. 'समज, वाटतं, म्हणतात, म्हणे, असावी, तर, का' शेवटच्या गटात. दीडशेएक शब्द आणि शब्दसमूहांची यादी हातानं बनवलीत तरी बरंच काम होतं. तक्त्यात फक्त ठाम विधानं घ्या. नकारार्थी विधानं फेकू नका. "सिडनी राजधानी नसून कॅनबेरा आहे" यातून एक चूक आणि एक बरोबर अशा दोन जोड्या एकदम मिळतात.

शब्दांच्या मधेही लक्ष हवं. "न्यू यॉर्क ही अमेरिकेची आर्थिक राजधानी" या वाक्यात एका विशेषणानं सगळा अर्थ बदलला. तुमचा साचा 'ची' आणि 'राजधानी' यांच्यामध्ये एखादा शब्द चालवून घेत असेल तर ती मुभा आजच काढून टाका.

घसरण, आणि तिला लावायचे ब्रेक

आता असं समजा की सगळं नीट चाललंय, आणि प्रोग्रॅमला वाक्य सापडतं: "पॅरिस ही फॅशनची राजधानी आहे."

वाक्य ठाम आहे. साचा भरवशाचा आहे. पॅरिस ओळखीची राजधानी आहे. प्रोग्रॅम काय शिकतो? फॅशन नावाचा एक देश आहे. पुढच्या फेरीत तो 'फॅशनची राजधानी मिलान' उचलतो आणि मिलान राजधानी होते. मग मिलानच्या आजूबाजूच्या वाक्यांतून साचे काढतो, त्यांतून संगीताची, चित्रपटांची, घड्याळांची राजधानी येते, आणि हे सगळे देश होतात. एकेक पाऊल पाहिलं तर प्रत्येक वेळी तो नियमानंच वागला. या प्रकाराला अर्थाची घसरण म्हणतात.

'नेल'चीही अशी घसरण झाली होती. बेकरीतल्या पदार्थांच्या यादीत त्यानं 'इंटरनेट कुकीज' घातल्या. लोक इंटरनेट कुकीज पुसून टाकतात आणि फाइलीही पुसून टाकतात, तेव्हा संगणकातल्या फाइलीही बेकरीचा माल असणार, असा निष्कर्ष त्यानं पुढे काढला. पहिले सहा महिने तो माणसाच्या मदतीशिवाय चालला. बहुतेक प्रकारांत कामगिरी चांगली होती, पण साधारण चौथाई प्रकारांत अचूकता खूप खाली राहिली. त्यानंतर संशोधकांनी दर दोन आठवड्यांनी प्रत्येक प्रकारावर पाचेक मिनिटं नजर टाकायला सुरुवात केली.

ब्रेक तीन लावा, आणि तिन्ही लावा.

पहिला, प्रकाराची तपासणी. डावीकडची गोष्ट देश आहे याचा पुरावा राजधानीच्या वाक्याबाहेरून यायला हवा: "क या देशात", "कचे पंतप्रधान", "कची लोकसंख्या". फॅशनला पंतप्रधान नसतात. 'नेल'च्या यशाचं मोठं श्रेय याच कल्पनेला जातं: अनेक गोष्टी एकत्र शिकवायच्या आणि त्यांना एकमेकींवर पहारा ठेवायला लावायचं.

दुसरा, परस्परविरोधी प्रकार. देश, शहर, व्यक्ती, व्यवसाय यांपैकी एका शब्दाला सहसा एकच प्रकार लागू होतो. एखादा शब्द दोन याद्यांत शिरू पाहत असेल तर दोन्हीकडे थांबवा. सिंगापूरसारखे मोजके अपवाद हातानं घाला.

तिसरा, वेग. एका फेरीत कितीही नव्या जोड्या सापडल्या तरी सर्वांत जास्त गुणांच्या वीस-पंचवीसच आत घ्या. बाकीच्या रांगेत राहू देत. खऱ्या असतील तर पुढच्या फेरीत आणखी पुरावा घेऊन येतील. हा ब्रेक लोकांना जाचक वाटतो, पण सुरुवातीला सांगितलेली माझी दोन दिवसांची वाताहत यामुळेच टळली असती.

पुराव्याची बेरीज

एका जोडीला तीन वेगवेगळ्या साच्यांचा आधार आहे आणि प्रत्येक साच्याचा भरवसा ०.६ आहे, असं समजा. तिन्ही एकदम चुकण्याची शक्यता ०.४ गुणिले ०.४ गुणिले ०.४, म्हणजे ०.०६४. म्हणून जोडी खरी असण्याचा अंदाज ०.९४ च्या आसपास जातो. मध्यम भरवशाचे तीन साक्षीदार मिळून चांगलं काम करतात.

पण एका अटीवर: साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. इंटरनेटवर एकच परिच्छेद शेकडो पानांवर चिकटवलेला असतो. ती शेकडो पानं मिळून साक्षीदार एकच. म्हणून मोजण्याआधी नकला ओळखा. प्रत्येक पानाचे सलग पाच-पाच शब्दांचे तुकडे पाडा आणि दोन पानांत किती तुकडे सामाईक आहेत ते पाहा. पानं फार असतील तर आंद्रेई ब्रोडर यांनी १९९७ साली मांडलेली 'मिनहॅश' पद्धत वापरा, तिच्यामुळे प्रत्येक पान प्रत्येक पानाशी ताडून पाहावं लागत नाही. ०.९ च्या वर असलेल्या जोड्या तक्त्यात घ्या, ०.५ ते ०.९ रांगेत ठेवा.

नमुना काढून तपासा

तक्त्यातून शंभर जोड्या यादृच्छिक निवडा, गुण झाका आणि स्वतः तपासा. वरच्या शंभर घेऊ नका, त्या चांगल्याच असतात. शंभरातल्या ७४ बरोबर निघाल्या तर खरी अचूकता साधारण ६५ ते ८२ टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी आहे, एवढंच म्हणता येतं. ७४ वरून ७८ झाले म्हणून सुधारणा झाली, असं या आकाराच्या नमुन्यावरून ठरवू नका.

चुका मोजून थांबू नका, त्यांचे गट पाडा. प्रत्ययाची चूक, अर्धवट वाचलेलं वाक्य, चुकीचा प्रकार, जुनी माहिती, आणि मूळ पानच चुकलेलं. सर्वांत मोठा गट आधी दुरुस्त करा. किती सापडलं नाही हेही पाहा: विकिडेटातल्या देशांपैकी किती देशांची राजधानी तुमच्याकडे अजून आलेलीच नाही?

भाषिक मॉडेलची मदत कुठे घ्यायची

आजची मोठी भाषिक मॉडेलं वाक्य समजण्यात साच्यांपेक्षा कितीतरी सरस आहेत, मग हा सगळा खटाटोप कशाला, असं तुम्ही विचाराल. मॉडेलला नुसतं 'अमुक देशाची राजधानी कोणती' विचारलं तर उत्तर त्याच्या आठवणीतून येतं. ते बरोबर असेलही, पण ते कुठून आलं याचा पत्ता मिळत नाही, आणि चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासानं येतं.

म्हणून त्याला स्मरणाचं काम देऊ नका, वाचनाचं द्या. साच्यांनी निवडलेलं वाक्य त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा: या वाक्याचा लेखक स्वतः कोणतं विधान ठामपणे करतोय? उत्तराबरोबर वाक्यातला नेमका तुकडा जसाच्या तसा मागा. मग तुमच्या प्रोग्रॅमनं तो तुकडा मूळ वाक्यात अक्षरशः सापडतो का ते पाहावं. सापडला नाही तर उत्तर रद्द. "असा समज असतो" आणि "असती तर" यांसारखी शेपटं ओळखायला मॉडेल फार उपयोगी पडतं. प्रकाराची तपासणी, नकलांची मोजणी आणि नमुन्याची पडताळणी मात्र पूर्वीसारखीच करायची.

काळ, आणि तथ्य मागे घेणं

वेगवेगळ्या वर्षांची पानं वाचली तर कझाकस्तानच्या राजधानीची चार नावं मिळतात: अल्माटी, अकमोला, अस्ताना, नूर-सुलतान. राजधानी १९९७ मध्ये अल्माटीहून अकमोलाला गेली. १९९८ मध्ये त्या शहराचं नाव अस्ताना झालं, २०१९ मध्ये नूर-सुलतान आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. चारही पानं आपापल्या दिवशी खरी होती. पानाची तारीख साठवलेली नसेल तर हा पेच सुटत नाही. म्हणून प्रत्येक तथ्याला 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' असे दोन रकाने द्या, रिकामे राहिले तरी चालतील. शहर बदललं की नुसतं नाव बदललं, हे शहराच्या क्रमांकावरून ओळखा.

प्रत्येक तथ्याच्या ओळीत आणखी एक रकाना हवा: हे कुठल्या साच्यामुळे आलं, आणि तो साचा कुठल्या जोड्यांमुळे आला. उद्या 'फॅशन' देश नाही असं ठरलं तर नुसती ती ओळ पुसून भागत नाही. तिच्यामुळे जन्मलेले साचे, त्या साच्यांनी आणलेल्या जोड्या, सगळ्यांचे गुण पुन्हा मोजावे लागतात. ज्यांना दुसरीकडून स्वतंत्र आधार आहे त्या टिकतात, बाकीच्या परत रांगेत जातात. हा रकाना नसेल तर सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करण्यावाचून पर्याय नाही.

राजधानीचं नातं दोन-तीन नमुन्यांत समाधानकारक निघालं की दुसरं नातं जोडा. 'देश आणि त्याचं चलन' घ्या, कारण डावी बाजू तीच आहे. ज्या शब्दाला राजधानी आहे पण चलनाचं एकही वाक्य सापडत नाही, तो देशांच्या यादीतून संशयितांच्या यादीत टाका आणि तिथून तपासणी सुरू करा.